दुसरा गिअर

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी आता चालत नाही. माझी चाके जमिनीला टेकलेलीसुद्धा नाहीत. एका पत्र्याच्या शेडमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर मी उभी आहे. शेडचे दार उघडे असले की समोर रस्त्याचा एक तुकडा दिसतो. तीन मोटारी मावतील, एवढाच. दिवसभर मी तेवढा रस्ता बघत असते.

ज्या कारखान्यात मी जन्मले, तो माझ्या नवव्या वर्षी बंद पडला. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. मी तरुण होते, माझे बॉनेट आरशासारखे चकाकत होते. पण मोटारीचा कारखाना बंद पडणे म्हणजे तिचे माहेर तुटणे. पुढे काही मोडले, झिजले, तर हक्काने मागायचे कोणाकडे? हे मला हळूहळू कळत गेले.

मला विकत घेतले ते एका चष्मेवाल्यांनी. ते गावोगाव फिरून लोकांचे डोळे तपासायचे आणि चष्मे करून द्यायचे. मागच्या सीटवर भिंगांची पेटी असायची. पुढे शेजारी त्यांची बायको, मांडीवर वही घेऊन. तिला सगळे काकू म्हणत, म्हणून मीही काकूच म्हणते. अक्षरांचा तक्ता टांगायला कुठे भिंत मिळाली नाही, तर चष्मेवाले मला वीस पावलांवर नेऊन उभी करायचे आणि लोकांना माझ्या पाटीवरचा नंबर वाचायला लावायचे. एकदा एका आजीबाईंनी नवा चष्मा लावून माझा नंबर घडाघडा वाचला आणि वर म्हणाल्या, "गाडी फार मळलीय हो तुमची!" चष्मेवाले इतके ओशाळले की दुसऱ्या दिवसापासून मला पुसल्याशिवाय चहासुद्धा घेईनात.

माझी दुखणीखुपणी बघायला एक मिस्त्री होते. काहीही विचारा, ते म्हणायचे, "थांबा, बघू." त्यामुळे त्यांचे नावच थांबाबघू पडले होते. पाण्याच्या पंपाचे गॅस्केट कुठेच मिळेना, तेव्हा त्यांनी जुन्याचा ठसा बुचाच्या शीटवर उतरवला आणि कात्रीने नवे कापले. दाराची बिजागरी त्यांनी लेथवर घडवून घेतली. रविवारी ते आणि चष्मेवाले जुन्या बाजारात जायचे, लोखंडाच्या ढिगांपुढे उकिडवे बसायचे आणि काळी बोटे घेऊन परत यायचे. बहुतेक वेळा हात रिकामेच असायचे. कधी एखादी स्प्रिंग मिळाली, तर ती रुमालात गुंडाळून अशी आणायचे, की जणू सोन्याचा डाग.

चष्मेवाले अनोळखी लोकांना पत्रेही लिहायचे. एकदा फार लांबून पार्सल आले. आत कार्ब्युरेटर होता, पण भलत्याच गाडीचा. तो त्यांनी परत पाठवला नाही. आठवडाभर टेबलावर ठेवून बघत बसले. "दिसायला किती आपल्यासारखा आहे, नाही?" ते काकूंना म्हणाले. मित्रांनो, माझ्यासाठी कोणी इतके झुरत होते, याचे मला तेव्हा अप्रूप वाटले नाही. माणसे अशीच असतात, असे मी समजून चालले होते.

मग एका दुपारी चष्मेवाले जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

काकूंना मोटार चालवता येत नव्हती. सुरुवातीला मिस्त्री दर रविवारी येऊन माझे इंजिन चालू करायचे, थोडा वेळ फिरू द्यायचे. पुढे त्यांचे हात थरथरू लागले. हातातून स्क्रू पडायचे, मग ते शोधत जमिनीवर हात फिरवत बसायचे. एका रविवारी ते आले नाहीत. पुढच्याही आले नाहीत. माझ्या टायरांतली हवा गेली. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. काकू मात्र दुपारी यायच्या, दार उघडून आपल्या नेहमीच्या जागेवर बसायच्या आणि काचेतून समोर बघत राहायच्या. त्यांच्या मनात काय चालायचे, ते मला कसे कळणार? माझ्या मनात एकच असायचे. आता चावी फिरेल. आता निघू.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग एका सकाळी मिस्त्री आले. त्यांच्याबरोबर एक उंच बाई होती, अंगात बसचालकाचा गणवेश.

"ही शहरात बस चालवते," मिस्त्री चाचरत म्हणाले. "हिच्या वडिलांची टॅक्सी आहे. आपल्या गाडीसारखीच, त्याच कारखान्यातली. दुसऱ्या गिअरचे दात गेलेत. सात वर्षं शोधतेय बिचारी."

काकूंच्या लक्षात आले. "म्हणजे माझी गाडी फोडायला घेऊन आलात हिला?"

"थांबा, बघू..."

"काय थांबा, बघू? तुमच्याच हातांनी जपलीत ना ही?"

ती बाईच मध्ये पडली. "राहू दे, काकू. मी मागत नाही. पण तुमच्याकडे जॅक आहे का?"

"कशाला?"

"टायर पार बसलेत. असंच वजन राहिलं तर स्प्रिंगा कामातून जातील. उचलून ठोकळ्यांवर ठेवते आणि जाते."

तिने मला उचलले. किती वर्षांनी माझ्या पायांवरचा भार उतरला! पंधरा दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, ती पुन्हा आली. उंदरांचे घरटे काढले, बिजागऱ्यांना तेल दिले. मग येतच राहिली. गिअरबॉक्सचे नावसुद्धा तिने काढले नाही. काकू आधी खिडकीतून बघायच्या, नंतर चहा घेऊन बाहेर यायला लागल्या.

एकदा काकूंनी विचारले, "तुझे बाबा काय करतात गं दिवसभर?"

"टॅक्सीत बसतात."

"बंद टॅक्सीत?"

"हो. सकाळी दाढी करतात, बूट घालतात आणि जाऊन बसतात. जेवायला हाक मारली की म्हणतात, थांब, गिऱ्हाईक येईल."

तिच्या हातातला रिकामा कप घेऊन काकू घरात गेल्या. त्या दुपारी त्या माझ्यात येऊन बसल्या नाहीत. पुढच्या खेपेला ती बाई आली, तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या.

"गिअरबॉक्स काढून ने," त्या म्हणाल्या.

"काकू, नीट विचार करा. मग ही गाडी कधीच..."

"मला चालवता येत नाही. ही जाणार कुठे? आणि तुझे बाबा तर रोज तयार होऊन बसलेत."

मित्रांनो, मला कोणी विचारले नाही. विचारले असते, तर मी नको म्हणाले असते. तुमच्याशी खोटे कशाला बोलू? अंगातले सगळे भाग जागच्या जागी होते, तोवर आशेला जागा होती. आज ना उद्या कोणीतरी येईल, टायरांत हवा भरेल, मला रस्त्यावर काढेल, असे मी रोज स्वतःला सांगत होते. गिअरबॉक्स गेल्यावर काय सांगणार होते?

काम दिवसभर चालले. मिस्त्री स्टुलावर बसून सांगत होते आणि ती माझ्याखाली आडवी पडून ऐकत होती. शेवटचा बोल्ट काही केल्या सुटेना.

"कुठल्या गाढवानं एवढा आवळलाय हा?" ती खालून ओरडली.

"मीच," मिस्त्री म्हणाले.

काकू हसल्या. चष्मेवाले गेल्यापासून त्यांना इतके मोठ्याने हसताना मी ऐकले नव्हते. मग बोल्ट सुटला. माझा गिअरबॉक्स जुन्या रजईत गुंडाळून टेंपोत चढवला, आणि माझ्या पोटातून वारा आरपार वाहू लागला.

दोन महिन्यांनी रस्त्यावर एक आवाज आला. काकू भांडी घासत होत्या, तशाच ओल्या हातांनी बाहेर धावल्या. आमच्या घराआधी एक चढ आहे. तो चढताना दुसऱ्या गिअरमधून एक बारीक सूर निघतो, कोणी तोंड मिटून गुणगुणावे तसा. दुसऱ्या कोणत्या मोटारीत मी तो ऐकला नाही. तो माझा होता, आणि तो माझ्या अंगाबाहेरून येत होता.

टॅक्सी दारात थांबली. स्टिअरिंगपाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गुळगुळीत दाढी, चकचकीत बूट. मागे त्यांची मुलगी आणि मिस्त्री. म्हाताऱ्यांनी हात लांब करून पुढचे दार उघडले.

"बसा ताई," ते काकूंना म्हणाले. "कुठं सोडू?"

काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "चढाचढाच्या रस्त्यानं घ्या."

टॅक्सी वळली आणि निघाली. तो सूर लांब लांब जात राहिला, मग ऐकू येईनासा झाला. मी तिथेच होते. त्या सबंध दुपारी मला जे वाटले, ते मी अजून कोणाला सांगितलेले नाही, आणि आज तुम्हालाही सांगणे जमत नाही.

परत आल्यावर काकू घरात गेल्या नाहीत. विस्कटलेल्या केसांनी थेट शेडमध्ये आल्या, माझ्या दाराला टेकल्या आणि म्हणाल्या, "अगं, जरासुद्धा कुरकुरला नाही तुझा गिअरबॉक्स." त्या माझ्याशी बोलल्या, ते पहिल्यांदाच.

त्या टॅक्सीची वार्ता पसरली. माझ्या सख्ख्या बहिणी कुठे कुठे अडून बसल्या आहेत, ते आता आम्हाला कळते. एकीला माझा डायनॅमो गेला, एकीला वायपर. मित्रांनो, तुमच्या घरात एखादे जुने यंत्र बंद पडून असेल, तर त्याच्यावर चादर टाकून मोकळे होऊ नका. त्याला तेल द्या, उंदीर हाकला, त्याच्या अंगावरचा भार उचला. आणि चालवणे जमणारच नसेल, तर नीट चौकशी करा. कोणीतरी रुमाल घेऊन तोच भाग शोधत हिंडत असेल.

रस्त्याची ओढ काही सुटलेली नाही. ती सुटेल, असे मला वाटतही नाही.

उद्या सकाळी माझा रेडिएटर जायचा आहे. आज काकूंनी तो ब्रशने स्वच्छ केला, जाळीजाळीतला गंज काढला. काम संपल्यावर त्यांनी त्याच्यावर हात ठेवला आणि प्रवासाला निघालेल्या माणसाला सांगावे तसे हळूच म्हणाल्या, "नीट जा हं."