छातीतली बारीक शिट्टी

मी स्टेथोस्कोप बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. एकतीस वर्षं मी मुकाट्याने ऐकत आलो, तेव्हा बोलताना थोडं अडखळलो तर समजून घ्या.

एका कारखान्यात माझी चकती, रबरी नळी आणि कानांत घालायची दोन बोंडं जोडली गेली. माझ्याबरोबरचे बाकीचे सगळे माणसांच्या दवाखान्यांत गेले, पांढऱ्या कोटांवर मिरवायला. मी आलो गुरांच्या डॉक्टरांकडे. पहिल्याच दिवशी एका म्हशीने शेपटीचा असा काही फटका दिला की आपण कुठे येऊन पडलोय ते मला कळून चुकलं.

पण मी रुळलो. गाईच्या डाव्या कुशीवर चकती टेकवली की तिच्या पोटाचा मोठा कप्पा ढवळला जाताना ऐकू यायचा. घरघर जवळ यायची, वाढायची आणि विरून जायची. दोन मिनिटांत दोन-तीनदा तरी ती यायलाच हवी. गाय चारा भराभर गिळते आणि मग निवांत बसून तोच पुन्हा तोंडात आणून चघळते. आतलं ढवळणं मात्र चालूच असतं. ते थांबलं की डॉक्टरांचा चेहरा उतरायचा.

काळीज ऐकायचं ते पुढच्या पायाच्या कोपरामागे. प्रत्येक ठोक्याला दोन आवाज, आतल्या झडपा मिटण्याचे. त्या नीट मिटल्या तर रक्त पुढेच जातं. एखादी गळकी असली की मधेच फुसफुस येते. घोड्याचं काळीज इतकं सावकाश चालतं की दोन ठोक्यांमध्ये माझाच जीव टांगणीला लागायचा. मांजराचे ठोके मोजताना मात्र डॉक्टरांची त्रेधा उडायची. आणि श्वास! निरोगी छातीत हवा मऊ सळसळत आत-बाहेर करते. फुप्फुसात पाणी धरलं तर तळाशी बारीक चरचर सुरू होते. हा आवाज सगळ्यांत नाजूक.

ऐकून झालं की डॉक्टर मान डोलवत. ती मान डोलली की गुरांचे मालक लगेच हसायला लागत. पुढचं कुणी ऐकतच नसे. त्या मानेत माझाही वाटा आहे, असं मला उगीचच वाटायचं.

इतक्या जिवांच्या इतक्या जवळ गेलो, पण माझी ओळख कुणाशीच झाली नाही. चकती जरा कोमट व्हायला लागली की मला उचलायचे, पुसायचे आणि खिशात टाकायचे.

मग थंडीच्या दिवसांत एका दूधवाल्या बाईंनी आपलं वासरू आणलं. तीन आठवड्यांचं, मान खाली घातलेलं.

"डॉक्टर, हे सारखं धापा टाकतंय हो. दूधही पीत नाही."

डॉक्टरांनी मला त्याच्या छातीवर टेकवलं. तळाशी चरचर होती, दोन्ही बाजूंना. मी ती जशीच्या तशी वर पोचवली. डॉक्टरांनी थोडा वेळ ऐकलं आणि मान डोलावली.

"छाती मोकळी आहे. दूध पचलेलं नाही, एवढंच."

मोकळी? मी नळीच्या दोन्ही तोंडांनी ओरडलो असतो, पण मला आवाज कुठला? बाई पोटाचं औषध घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी वासरू गेलं.

छातीतलं काही ऐकायचं राहिलं असणार, असं म्हणून डॉक्टरांनी खापर माझ्यावर फोडलं. नळी उन्हात धरून पाहिली, तिच्यात फुंकर मारली आणि शेवटी नवी बसवली. मला वाईट वाटलं, पण तेवढ्याने भागत असेल तर भागो, असंही वाटलं. नवी नळी तपासायला घरचंच माणूस बरं, म्हणून त्यांनी बायकोला बोलावलं. तिला जुना दमा. दर थंडीत तिच्या पाठीत शिट्टी वाजते.

"अगं, आज तुझी छाती एकदम स्वच्छ आहे."

"काहीतरीच काय! अहो, मला नुसत्या कानांनी ऐकू येतेय शिट्टी."

डॉक्टरांनी पुन्हा ऐकलं. काळजाचे जाड ठोके त्यांना कळत होते. शिट्टी कळत नव्हती. बारीक आवाज त्यांच्या कानांतून केव्हाच निघून गेले होते. त्यांनी बोंडं कानांतून काढली आणि मला खिशात टाकलं.

त्याच दुपारी ते दूधवाल्या बाईंच्या गोठ्यावर गेले. मी खिशातच होतो.

"वासराची छाती भरली होती. मला ऐकू आलं नाही."

बाईंनी हातातली बादली खाली ठेवली. "मग मान कशाला डोलावलीत?"

बाई बादली उचलून धार काढायला वळल्या, आणि तेच डॉक्टरांना जास्त लागलं. आठवड्याभरात दवाखाना बंद झाला.

आता मी त्यांच्या घरी दाराच्या मागे खिळ्यावर असतो. दिवसभर एकटा. गोठ्याचा वास नाही, घरघर नाही. मला फार एकटं वाटतं, हे सांगायला लाज कसली? फक्त सकाळी डॉक्टर मला काढतात आणि बायकोच्या पाठीवर टेकवतात. सवय सुटत नाही. ठोके मोजतात आणि विचारतात, "शिट्टी आहे का गं?"

"नाही हो. यंदा अगदी बरं आहे."

ती खोटं बोलते. त्यांचा चेहरा उतरलेला तिला बघवत नाही. ते खूश होतात आणि मला परत अडकवतात.

गेले पंधरा दिवस शिट्टी लांबत चाललीय. परवापासून उजव्या बाजूला, अगदी तळाशी, चरचर सुरू झालीय. घरात तिघे आहोत. एकाला ऐकू येत नाही, एक सांगत नाही आणि मला बोलता येत नाही.

तुमचे कान शाबूत आहेत ना? मग एकदा या घरी या. चहापाणी नंतर करा. आधी दार लोटून मला खिळ्यावरून काढा आणि तिच्या पाठीवर, उजवीकडे, खाली टेकवा. पण लवकर या हो.