टाकीत राहिलेलं पाणी

जयाने वॉटर फ्लॉसरची, म्हणजे पाण्याच्या धारेने दात धुवायच्या यंत्राची, टाकी उचलली आणि बोटांना पुन्हा तेच बुळबुळीत लागलं. तळाशी दोन बोटं शिळं पाणी होतं. ज्या छिद्रातून पाणी यंत्रात जातं, त्याच्याभोवती पांढरा थर चढला होता. नाकाजवळ नेऊन पाहायची गरजच नव्हती, वास आपणहून येत होता.

“टाकी काऊन रिकामी नाई केली?” तिने बाथरूममधूनच विचारलं.

“मी नाई, शेवटी बाबांनी वापरली,” तिचा नवरा अंकुश समोरच्या खोलीतून म्हणाला.

“अंकुशनं घेतली माह्या मागून,” सासरे चंद्रभानजी अंगणातून म्हणाले.

गॅसवर वांग्याची भाजी होती आणि साडेनऊची देवळीची बस धरायची होती. देवळीच्या शाळेत जया लिपिक होती. तिने टाकी मोरीत उपडी केली, भांड्यांच्या साबणाने आतून घासली आणि धुऊन खिडकीत पालथी ठेवली. हे गेले चार महिने चालू होतं.

चंद्रभानजींनी आर्वीकडच्या शेतात चाळीस वर्षं कापूस आणि सोयाबीन काढलं. सासूबाई गेल्यावर शेत ठोक्याने दुसऱ्याला कसायला देऊन ते वर्ध्याजवळ नालवाडीला मुलाकडे राहायला आले. साखरेचा त्रास होता आणि हिरड्यांतून रक्त यायचं. दाताच्या डॉक्टरांनी खाली चार दातांचा पूल, म्हणजे ब्रिज, बसवला आणि सांगितलं, की या पुलाखाली ब्रश पोचत नाही, रोज पाण्याच्या धारेने धुवा. नागपूरला शिकणाऱ्या नातीने, प्रेरणाने, दुसऱ्याच दिवशी ऑनलाइन यंत्र मागवलं. चंद्रभानजी त्याला पिचकारी म्हणायचे. अंकुशनेही आपलं एक नोझल वेगळं ठेवून घेतलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून त्याला वर्ष झालं होतं, पण त्याच्या हिरड्यांनी काही त्याला माफ केलं नव्हतं.

जयाचे दात चांगले होते. तिने ते यंत्र एकदाही तोंडात धरलं नव्हतं. तरी त्याच्याबरोबर आलेलं माहितीपत्रक वाचणारी ती एकटीच. वापरून झालं की टाकी रिकामी करा, यंत्र थोडं कोरडं चालवून नळीतलं पाणी काढून टाका, आठवड्याला टाकी धुवा, महिन्याला व्हिनेगर घातलेलं कोमट पाणी फिरवा. तिने हे दोघांना वाचून दाखवलं. दोघांनी माना डोलावल्या. पहिले आठ दिवस टाकी रिकामी असायची. मग ज्याने शेवटी वापरलं त्याचं काम, असं ठरलं, आणि शेवटी कोणीच वापरेना.

त्यात पाणी बोअरचं. नळ एका आड एक दिवस यायचा. फिल्टरचं पाणी वापरा म्हटलं, तर चंद्रभानजींना प्यायचं पाणी दातांवर मारणं म्हणजे पाप वाटायचं. बादल्यांना, नळाच्या तोट्यांना, सगळ्यालाच पांढरे थर चढत. फ्लॉसर काय सुटणार होता?

पण या महिन्यात काहीतरी जास्तच बिघडलं होतं. जयाचं दोनदा व्हिनेगर फिरवून झालं होतं. पाव टाकी फिरवायची, यंत्र बंद करून वीस मिनिटं तसंच ठेवायचं, उरलेलं फिरवायचं आणि मग दोनदा साध्या पाण्याने खळाळून काढायचं. सबंध घरभर लोणच्यासारखा वास. दोन्ही नोझलं वाटीत व्हिनेगरमध्ये भिजवून तिने जुन्या ब्रशने घासली होती. चार दिवस धार नीट आली. पाचव्या दिवशी चंद्रभानजी यंत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात आले.

“जया, हे पाय. लहान पोराच्या लघवीसारखी धार येऊन राह्यली.”

तिने रात्रीच्या जेवणाआधी प्रेरणाला फोन केला.

“आई, व्हिनेगर टाक न,” प्रेरणा म्हणाली.

“टाकलं. दोनदा टाकलं.”

“मग तुझं प्रमाण चुकत असेल. व्हिडिओ पाठवते.”

तुझं प्रमाण! जयाने फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी पोळ्या जरा जाडच झाल्या.

रविवारी सकाळी तिने ठरवलं, आज काय ते एकदाचं पाहायचं. चंद्रभानजी नुकतेच बाथरूममध्ये गेले होते. दार उघडंच होतं. ती व्हिनेगरची बाटली घेऊन दाराशी आली आणि थबकली. सासऱ्यांनी टाकी भरली होती आणि दाढीनंतर गालाला लावायचा तुरटीचा खडा ते त्या पाण्यात गोलगोल फिरवत होते. फिरवून झाल्यावर त्यांनी नखाने खड्याचा एक कपचा काढला आणि तोही आत टाकला.

“बाबा! हे का करून राह्यले तुमी?”

चंद्रभानजी मुळीच दचकले नाहीत. “फिटकरी हाय. पाण्याले वास येते न, म्हणून फिरवतो जराशी. दोन-तीन हप्ते झाले.”

“वास येते कारण तुमी पाणी सोडून ठेवता! अन् ही फिटकरी नळीत जाऊन बसते. मी मरमर करून ते काढून राह्यली अन् तुमी रोज भरून राह्यले.”

“अवं, फवारणीचं पाणी गढूळ असलं का आमी टाकतच होतो फिटकरी.”

“फवारणीच्या पंपात?”

“पंपात कायले? टाक्यात. पाणी निवळलं का वरचं वरचं पंपात घ्याचं.” आवडीचा विषय निघाल्याने चंद्रभानजी खुलले. “पंपाचं काम लय नाजूक असते. फवारणी झाली का साफ पाण्यानं चालवून घ्या लागते. नोझल खोलून फुंका लागते, जाळी धुवा लागते, अन् टाकी उलटी करून ठेवा लागते. नाई तं दुसऱ्या दिवशी पंप मेला समजजो.”

माहितीपत्रकात होतं तेच ते सांगत होते, एखाददुसरा शब्द इकडेतिकडे.

“म्हणजे तुमाले माहीत होतं,” ती म्हणाली.

“हे का सांगा लागते? चाळीस वर्षं पंप पाठीवर घेतला मी.”

“मंग या पंपाले काऊन नाई केलं?”

चंद्रभानजींना प्रश्नच कळला नाही. ते सरळ मनाने म्हणाले, “हे घरातलं हाय न. घरातलं तू करतेच.”

आवाज ऐकून अंकुश आला. त्याने टाकी उजेडात धरून तळाचा थर नखाने खरवडला. तो वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. “काही मोठी गोष्ट नाई,” तो म्हणाला. “असा थर आमच्या काचेच्या भांड्यांले नेहमी चढते. मी दर शनिवारी काढतो. एक डाग राहू देत नाई.”

आता मात्र जयाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला स्वतःचाच राग आला, कारण रडायचं नव्हतं, ओरडायचं होतं.

“दर शनिवारी काढता,” ती म्हणाली. “कॉलेजात. अन् घरी पाच पावलांवर टाकी रिकामी कराले हात मोडतात तुमचे. बाबाले शेतातला पंप येते, तुमाले लॅबमधली भांडी येतात. मले काहीच येत नव्हतं, मी कागद वाचून शिकली. अन् मी हे यंत्र वापरतसुद्धा नाई! एक दिवस नाई वापरलं!”

तिने व्हिनेगरची बाटली अंकुशच्या हातात दिली. माहितीपत्रक आरशाच्या मागे खोचलेलं होतं, ते काढून सासऱ्यांच्या हातात दिलं. “आजपासून याले मी हात लावणार नाई. दात सडले तरी चालते,” असं म्हणून ती गच्चीवर गेली आणि वाळलेले कपडे काढत बसली. कपडे थोडेच होते. तिने त्यांच्या दोनदा घड्या केल्या.

खाली बापलेकांनी वऱ्हांड्यात पेपर पसरून यंत्र खोललं. दुपारपर्यंत धार जोरात येऊ लागली, पण टाकीखालचं काळं रबरी वायसर धुताना मोरीत वाहून गेलं. आता टाकी भरली की खालून पाणी गळायचं. सोमवारी जया देवळीहून परत आली, तर बाथरूममध्ये चिखल. तिने पाय उचलून तो ओलांडला. मंगळवारीही ओलांडला. हात शिवशिवत होते, वायपर कोपऱ्यात उभा होता, तरी तिने घेतला नाही. त्या दोन दिवसांत तिला जितका त्रास झाला, तितका टाकी घासताना कधी झाला नव्हता.

बुधवारी चंद्रभानजी ऑटोने वर्ध्याला गेले. फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या तीन दुकानांत त्यांनी वायसरं पाहिली. चौथ्या दुकानात त्यांना एक जवळपास बसणारं मिळालं. ते जरा जाड होतं. टाकी दाबून बसवावी लागायची आणि तरी थेंब थेंब गळायचंच. त्यांनी खाली जुन्या बनियनचा बोळा ठेवला आणि रोज सकाळी स्वतः पिळायला लागले. वापरून झालं की टाकी रिकामी करायचे, यंत्र कोरडं चालवायचे, टाकी पालथी घालायचे. तुरटी परत दाढीच्या डब्यात गेली. फिल्टरच्या पाण्याला मात्र ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. सुनेला सॉरी म्हणणं त्यांच्याच्याने झालं नाही, आणि जयानेही वाट पाहिली नाही.

अंकुशचं गाडं अडलंच. महिनाअखेरीला व्हिनेगर फिरवायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. तारीख उलटून दहा दिवस झाले, तेव्हा त्याचं नोझल बंद पडलं. सुट्टीचा दिवस होता. जया ओट्याला टेकून चहा पीत होती.

“जया, हे पाय तं जरा. काहीतरी अटकलं वाटते,” तो नोझल पुढे करत म्हणाला.

जयाचा हात सवयीने पुढे गेलाही. मग तिने तो परत कपाकडे नेला.

“बाबाले दाखवा,” ती म्हणाली.

“अवं, ते एक घंटा सांगत बसतील.”

“बसू द्या.”

अंकुश नोझल घेऊन अंगणात गेला. चंद्रभानजींनी त्याला खुर्ची ओढायला लावली, चष्मा पुसला, नोझल उन्हात धरलं आणि एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली घेतलेल्या पितळी पंपापासून सुरुवात केली. स्वयंपाकघरात जयाला शब्द नीट ऐकू येत नव्हते, फक्त मधून मधून अंकुशचं “हो बाबा... हो” तेवढं येत होतं. राग अजून पुरता गेला नव्हता. तिने पातेल्यातला उरलेला चहा कपात ओतून घेतला.