दाट वाफा

आनंदीबाईनं विळ्याच्या टोकानं भिंतीवरची शेणाची थापटी सोडवली, ओट्यावर फोडली आणि आत जपलेल्या काकडीच्या बिया एकेक करून सुपात टाकू लागली. तेवढ्यात निरगुडीच्या कुंपणापलीकडून कोंडी जाताना दिसली. डोक्यावर इरलं, काखेत रिकामी पाटी. आषाढात कोंडी रिकामी पाटी घेऊन कशाला निघते ते आनंदीबाईला पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षं ती पाटी तिच्याच फाटकातून आत आली होती.

"कोंडे, कुटं गं?"

कोंडी थांबली आणि ओशाळं हसली.

"कुटं नाय गं आनंदीबाय. तुज्या जावंची, जयवंताची रोपं बगून येते म्हटलं. नुसती बगून."

"पाटी घेऊन?"

"आता पाटी काय, हाताशी व्हती."

"रोपं माज्याकडं पन हायत."

"हायत की! पन तुजी अजून बारकी. तिची बोटभर झाली म्हंतात." एवढं बोलून कोंडी भराभरा पुढं गेली.

सुपातल्या चार बिया ओट्याखालच्या चिखलात पडल्या. आनंदीबाईनं त्या उचलल्या नाहीत.

गावात वांग्या-मिरचीचं रोप म्हटलं की आनंदीबाई, हे ठरलेलं होतं. तिच्या चुलीवरच्या आढ्याला राखेत घोळवलेल्या बियांच्या पुरचुंड्या लटकत. आषाढात ती उंच वाफा करून त्यावर सागाच्या पानांचा मांडव घालायची आणि पावसानं झोडपलेल्यातून जी रोपं वाचत ती गावाला वाटायची. पदरी मूलबाळ नव्हतं. नवरा, आबाजी, दिवसातून दहा शब्द बोलणारा. पण रोपांच्या दिवसांत फाटकाशी बायकांची रीघ लागे, "आनंदीबाय, मला दे, मला दे" चाले, आणि त्या पंधरवड्यात ती गावची कोणीतरी असे. तेवढाच तिचा मान होता, आणि तो यंदा कुंपणापलीकडं चालला होता.

कुंपणापलीकडं तिचा धाकटा दीर पोपट राहायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा पोपट सहा वर्षांचा, आईवेगळा. चार कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला छोटा पाट घेऊन तो तिच्या चुलीपाशी जेवायला बसायचा, आणि पेरणीला बियांची पुरचुंडी धरून तिच्या मागंमागं हिंडायचा. मोठा झाला, मोहोपाड्याला कारखान्यात लागला, जयवंताला लग्न करून घेऊन आला आणि दोन वर्षांपूर्वी वेगळी चूल मांडली. भांडीकुंडी वाटताना तो पाट आनंदीबाईनं स्वतःच्या हातानं त्यांच्याकडं सरकवला होता. नंतर तिला त्याची फार चुटपुट लागली.

चैत्रात एका संध्याकाळी पोपट सायकलला जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची गुंडाळी बांधून आला. कारखान्यात नव्या मशीनभोवती गुंडाळलेलं आलं होतं, साहेबांनी घेऊन जा म्हटलं होतं. आनंदीबाईनं ते फाटकातूनच पाहिलं आणि आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, "यंदा सागाची पानं आणू नका. पोपटानं माज्या वाफ्याला प्लॅस्टिक आणलंय."

सायकल तिच्या फाटकासमोरून पुढं गेली.

आठ दिवसांत पोपटानं गोठ्याच्या भिंतीला टेकून बांबूचा सांगाडा केला आणि त्याला प्लॅस्टिक ठोकून जयवंताला एक खोली करून दिली. आत उजेड यायचा, पाऊस यायचा नाही. गावानं तिचं नाव 'पोपटाचा पिंजरा' ठेवलं. लोक हसले, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं हसली आनंदीबाई.

अक्षय्य तृतीयेला जयवंता बी मागायला आली, तेही आनंदीबाईच्या माहेरचं, पांढऱ्या काटेरी वांग्याचं. बी मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नाही, ही गावाची रीत. आनंदीबाईनं पुरचुंडी सोडून चांगलं दोन चिमट्या बी दिलं. पण बी देताना पेरायचं कसं ते दोन शब्दांत सांगायचं, हीही रीतच होती. ते शब्द तिनं गिळले. जयवंता साजगावची, भातवाल्यांची पोर. बापाकडं तिनं भाताच्या रोपांचा राब तेवढा पाहिलेला. मूठ फेकायची आणि हिरवीगार गादी उगवायची, एवढंच तिला माहीत. भाजीच्या वाफ्याला तिनं कधी बोट लावलं नव्हतं.

"आक्का, एकदा आत येऊन बगा की," जयवंता दर दोन दिवसांनी म्हणायची.

"माजे गुडगे बग कसे झालेत. खाली बसवत नाय मला," आनंदीबाई उत्तर द्यायची. गुडघे खरंच दुखत होते. पण त्या खोलीच्या नावानं जरा जास्तच दुखायचे.

कोंडी पाटी घेऊन गेली त्याच आठवड्यात पोपटाच्या सुट्टीच्या दिवशी दोघं सकाळच्या एस.टी.नं साजगावला निघाली. सासऱ्याची भातलावणी होती. जयवंता फाटकाशी आली.

"आक्का, सांजच्याला कोंबड्या तेवड्या झाका. आमी दिवेलागणीला येऊच."

"आनि तुजी ती खोली?"

"तिचं ऱ्हाऊ द्या. पानी घालून आलेय मी."

तिचं राहू द्या! दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर ते साधं बोलणं होतं. आनंदीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. वाफा म्हणजे काय ते या पोरीच्या जन्माआधीपासून जिला कळतं, तिला ही सांगणार राहू द्या?

दुपारी आबाजी शेतावर होता. पावसाची झड लागली होती. आनंदीबाईनं आपल्या वाफ्याचा मांडव उचलून पाहिला. सागाची पानं फाटून पाणी सरळ आत उतरलं होतं आणि निम्मी रोपं चिखलात आडवी झाली होती. ती तशीच उठली, कुंपणाच्या फटीतून पलीकडं गेली आणि त्या खोलीच्या दाराची दोरी सोडली. दोन गाठी होत्या. काय करायचं ते ठरलं होतं. वाफा उपटायचा आणि कोंबड्या शिरल्या म्हणून सांगायचं.

आत ऊब होती. डोक्यावर पाऊस ताडताड वाजत होता आणि खाली थेंब नव्हता. आनंदीबाई क्षणभर उभी राहिली. आपल्याला असं छप्पर मिळालं असतं तर, एवढंच तिच्या मनात आलं, आणि डोळ्यांत एकदम पाणी आलं. ते आलं म्हणून तिला आणखीच राग आला.

ती वाफ्याशी बसली. लांबून हिरवागार दिसणारा वाफा जवळून पाहिला आणि तिच्या तोंडून "अगं बाय" एवढंच निघालं. भाताच्या राबासारखं मुठीनं फेकलेलं बी! रोपाला रोप चिकटलेलं, उजेडासाठी माना उंचावून दांडे सुतासारखे झालेले. खाली माती घामेजलेली, बुडाशी पांढरी बुरशी धरू लागलेली. चार दिवस कोणी हात लावला नाही तर सगळा वाफा आपोआप कोलमडणार होता. तिला काहीच करायला नको होतं. उठून जायचं आणि चार दिवस ओट्यावर बसून वाट बघायची.

पण ती उपटायला आली होती. तिनं एक रोप उपटलं. मग शेजारचं, मग पलीकडचं. हात चालू झाला. रागाच्या भरात ती बडबडत होती, "घे, मोठी आली वाफेवाली. घे, प्लॅस्टिकवाली," आणि बोटं उपटत होती. किती वेळ गेला कळलं नाही. पदरात रोपांचा भारा झाला तेव्हा तिनं कंबर सरळ केली आणि वाफ्याकडं पाहिलं.

वाफ्यात दोन-दोन बोटांच्या अंतरानं रोपं उभी होती. जी उभी होती ती जाड दांड्याची, रुंद पानांची. लुकडी, वाकडी, पिवळी तेवढी तिच्या पदरात होती.

आनंदीबाई आपल्या हातांकडं बघत राहिली. तीस वर्षं आषाढात त्या बोटांनी एकच काम केलं होतं आणि आजही तेच केलं होतं. तिनं दात खाऊन एका जोमदार रोपाची मान चिमटीत धरली. ओढलं की संपलं. पण ओढवेना. तिनं ते सोडलं, उठताना गुडघ्याच्या कळीनं आईला हाक मारली, पदरातली रोपं म्हशीपुढं टाकली आणि घरी आली. दाराच्या दोरीला तिनं दोन्ही गाठी मारल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर भांडी घासत कान लावून बसली. जयवंता त्या खोलीत गेली. आता ओरडेल, मग ओरडेल. काहीच आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं जयवंता कुंपणाशी आली.

"आक्का, काल कोंबड्या येळंवर झाकल्यात नव्हं?"

"झाकल्या तर! एक पन मोकळी नव्हती दिसभर."

बोलून गेल्यावर तिला कळलं की कोंबड्यांवर ढकलायची सोय आपण आपल्याच तोंडानं घालवली.

"मग बरं झालं," जयवंता म्हणाली आणि पाणी भरायला गेली.

पंधरा दिवसांत ती रोपं टरारून वर आली. गावातल्या बायका पाट्या घेऊन पलीकडच्या फाटकाशी उभ्या राहू लागल्या. कोंडी भरली पाटी घेऊन परतताना आनंदीबाईच्या ओट्याशी मुद्दाम थांबली आणि एक रोप वर धरून म्हणाली, "दांडा बग गं! पोरीच्या हाताला गुण हाय. अगदी तुज्या हातावानी."

हा हात माझा आहे, माझा, असं आनंदीबाईला ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगायचं तर चोरासारखी आत शिरले होते हेही सांगावं लागणार, आणि कशासाठी शिरले होते हेही. जगात दुसऱ्याच्या कामावर जळणाऱ्या बायका पुष्कळ असतील. स्वतःच्याच कामावर जळायची पाळी तिच्यावर आली होती.

"बरी हायत," ती म्हणाली आणि आत गेली.

तिचा स्वतःचा वाफा तोवर पुरता वाहून गेला होता. संध्याकाळी जयवंता केळीच्या सोपटात बांधलेली रोपांची जुडी घेऊन आली.

"आक्का, ही तुमची."

"माजी कशी?"

"बी तुमचंच नव्हं?"

"ठेव तितं," आनंदीबाई म्हणाली. जयवंता जाईपर्यंत तिनं जुडीला हात लावला नाही. मग मात्र उजेड होता तोवर सगळी लावून घेतली.

त्यानंतर एकदा कुंपणापलीकडं पोपटाच्या ट्रान्झिस्टरवर शेतीचा कार्यक्रम लागला होता. भाजीचं बी ओळीत आणि विरळ पेरावं, दाट पेरलं तर रोपाला मर लागते, असं कोणीतरी संथ आवाजात सांगत होता. दुसऱ्या दिवशी जयवंता तेच कोंडीला जसंच्या तसं सांगताना ऐकू आलं. दोन बोटांचं अंतर तिनं बोटं धरून दाखवलंसुद्धा. चला, शिकली, आनंदीबाईच्या मनात आलं. आता कोणाचीच गरज नाही. त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली नाही.

श्रावण लागायच्या आठवडाभर आधी जयवंतानं मिरची पेरली. आनंदीबाई आपल्या ओट्यावरून प्लॅस्टिकमधून बघत होती. जयवंतानं बी मुठीत घेतलं आणि बाप राबावर भात फेकायचा तसं भसाभस फेकून दिलं. ओळ नाही, अंतर नाही. "दाट होतंय गं," हे अगदी जिभेवर आलं होतं. आनंदीबाईनं ओठ दाबून धरले. मरू दे, तिला काय!

नारळी पौर्णिमेला जयवंता भावाला राखी बांधायला निघाली. नवं लुगडं नेसून ती फाटकाशी आली.

"आक्का, सांजच्याला कोंबड्या तेवड्या झाका."

"झाकीन."

जयवंता घुटमळली. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण तेवढ्यात पोपटानं सायकलची घंटी वाजवली आणि ती गेली.

दुपारपर्यंत आनंदीबाईनं स्वतःला घरात डांबून ठेवलं. नारळीभात केला, आबाजीला वाढला, तो झोपल्यावर काही कारण नसताना पुरचुंड्या खाली काढून परत टांगल्या. मग कोंबड्या बघून येते असं कोणालाही न सांगता स्वतःलाच सांगून ती कुंपणाच्या फटीतून पलीकडं गेली.

त्या खोलीच्या दाराची दोरी नुसतीच लोंबत होती. गाठ नव्हती.

आत मिरचीची रोपं एकमेकांच्या अंगावर चढली होती. आणि वाफ्याच्या कडेला, बसायला नीट सोयीचा पडेल असा, एक पाट मांडलेला होता. छोटा, चार कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला. फुलं नुकतीच चिंचेनं घासलेली दिसत होती.

आनंदीबाई दारातच थबकली. म्हणजे हिला ठाऊक होतं, आणि तेही पहिल्या दिवसापासून. ती मागं वळली, दोन पावलं चाललीसुद्धा. मग पुन्हा वळून तिनं वाफ्याकडं पाहिलं.

"पेरलंय बग कसं," ती मोठ्यानं म्हणाली. "लाज नाय वाटत!"

तिनं पाट पायानं वाफ्याजवळ सरकवला आणि गुडघ्यांवर हात टेकवत खाली बसली. पहिलं रोप उपटलं ते मुद्दाम चांगलं, जाड दांड्याचं निवडून उपटलं. ते हातात धरून ती थोडा वेळ बसली. मग बोटानं मातीत भोक करून ते होतं तिथं परत लावलं, बुडाशी माती दाबली आणि त्याच्या शेजारचं लुकडं काढलं.