सहाव्या मिनिटाला

उपेंद्रच्या डोळ्यांदेखत ईश्वरीची होडी उलटली, आणि तिच्याकडे निघालेलं त्याचं इंजिन तळ्याच्या मधोमध बंद पडलं.

दोनदा गुदमरल्यासारखं खाकरलं आणि गप्प झालं. चाळीस हातांवर पांढरं शीड पाण्यावर पसरलं होतं, आणि त्या शिडाखाली त्याची बारा वर्षांची मुलगी होती. उपेंद्रने इंजिनाची दोरी ओढली. पुन्हा ओढली. खांदा निखळायची वेळ आली तरी इंजिन ढिम्म. वल्हं काठावरच राहिलं होतं, कारण नुकत्याच दुरुस्त होऊन आलेल्या इंजिनाला वल्ह्याची काय गरज! उडी मारावी हे तर त्याला सुचलंसुद्धा नाही. शेवटी एक म्हातारा मासेवाला आपल्या हरिगोलातून, म्हणजे क्लबातले सगळे जिला टोपली म्हणून हसायचे त्या गोल नावेतून, गरगरत आला. त्याने शीड उचललं आणि ईश्वरीला दंडाला धरून वर घेतलं. ती खोकली, तेव्हा कुठे उपेंद्रने इंजिनाची दोरी सोडली.

उपेंद्र मूळचा नाशिकचा, म्हैसूरजवळ हूटगळ्ळीच्या एका कंपनीत इंजिनिअर. शहराबाहेरच्या या तळ्यावर मुलं शिडाच्या होड्या चालवायला शिकतात, आणि पालकांपैकी एक जण बचावाची होडी घेऊन पाण्यात थांबतो. ते काम उपेंद्रने हौसेने मागून घेतलं होतं. इंजिनाचं पुस्तक त्याने एवढ्या वेळा वाचलं होतं, की क्लबात कुणी साधं प्लगचं नाव काढलं तरी हा पान क्रमांक सांगे. इंजिन नीट सुरू होत नव्हतं म्हणून दसऱ्याआधी त्याने ते बेळगोळच्या गुंडेराव मेकॅनिककडे साफसफाईला टाकलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते परत आलं, आणि त्यानंतर पहिल्यांदा पाण्यात उतरलं ते या रविवारी.

मग दोष कुणाचा, हे काय विचारायचं? दुपारी अंगावरचे कपडेही न बदलता त्याने क्लबाच्या ग्रुपवर लिहून टाकलं, की गुंडेरावांच्या हलगर्जीपणामुळे आज माझी मुलगी मरता मरता वाचली, यापुढे कुणी त्या माणसाला काम देऊ नये. ग्रुपवर साठ माणसं होती, आणि होडीचं इंजिन असलेला त्यातला प्रत्येक जण गुंडेरावांचं गिऱ्हाईक होता.

सोमवारी सकाळी तो इंजिन आणि टाकी गाडीत घालून बेळगोळला गेला. ईश्वरीही बरोबर होती. कालपासून तिने बाबाचा हात सोडला नव्हता, जेवतानासुद्धा.

"काय केलंस तू या इंजिनाचं?" दुकानात पाय टाकताच उपेंद्र ओरडला. आदल्या आठवड्यापर्यंत तो त्यांना अहो-जाहो करत होता. "माझी पोरगी मेली असती काल!"

गुंडेराव साठीच्या पुढचे. त्यांच्या घराण्याला म्हैसूरला येऊन कित्येक पिढ्या झालेल्या, घरात अजून मराठी, पण कानडी शब्द मिसळलेली. त्यांनी तेलकट हात फडक्याला पुसले आणि आधी ईश्वरीकडे पाहिलं.

"बस गं पुट्टी, त्या स्टुलावर," ते म्हणाले. मग उपेंद्रला, "नोडी, बघा साहेब, सुम्ने उगीच भांडून काय होणार? आधी चालवून बघू. भांडण मग करू की."

पाण्याने भरलेल्या पिंपाच्या काठावर त्यांनी इंजिन बसवलं, स्वतःची टाकी जोडली आणि दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. उपेंद्र घड्याळ लावून उभा राहिला. खरं सांगायचं, तर इंजिन बंद पडावं अशी तो मनोमन प्रार्थना करत होता. पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस मिनिटं झाली तरी इंजिन सुरेख चाललेलं.

"काल किती वेळ चाललं?"

"पाच-सहा मिनिटं."

"आता तुमची टाकी जोडू."

"टाकीचा काय संबंध? टाकी माझ्या घरीच होती!"

"हौदु, बरोबर," गुंडेराव म्हणाले. "म्हणूनच."

टाकी बदलली. सहाव्या मिनिटाला इंजिन दोनदा खाकरलं. ईश्वरीने बाबाचा हात घट्ट आवळला. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा चपटा पडला होता आणि टाकीच्या बाजू आत ओढल्या गेल्या होत्या. गुंडेरावांनी झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत शिरली, टाकी फुगली, आणि दोरी ओढताच इंजिन पुन्हा सुरू झालं.

"टाकीत हवा जात नव्हती. हवा गेली नाही तर पेट्रोल कसं बाहेर येईल? झाकणाला बारीक भोक असतंय त्याच्यासाठी…" बोलता बोलता त्यांनी झाकण उजेडात धरलं आणि एकदम थांबले. मग झाकण मुठीत घेतलं. "जुनं झालंय झाकण. टाकी मागवून घ्यायला पाहिजे होती मी. माझंच चुकलं साहेब."

बघितलंस, असं उपेंद्रच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात त्याला गुंडेरावांच्या बोटांवरचा लाल रंग दिसला, आणि त्याला घरातली पूजा आठवली.

खंडेनवमी. गाडीला, लॅपटॉपला, मिक्सरला, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा त्याने कुंकवाचं गंध लावलं होतं. इंजिनाला लावलं, आणि पेट्रोल भरून ठेवलेल्या टाकीलाही. टाकीला कपाळ कुठलं? म्हणून झाकणावर, बरोबर मधोमध. अक्षता पडू नयेत म्हणून गंध चांगलं जाड घेतलं होतं आणि अंगठ्याने दाबून बसवलं होतं. ताट ईश्वरीने धरलं होतं.

"झाकण दाखवा, गुंडेराव."

"असू दे की." त्यांनी डोळ्यांनीच मुलीकडे खूण केली.

"दाखवा."

भोकात कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता. इंजिनाने पेट्रोल ओढलं तसा तो आणखी आत खेचला गेला होता. गुंडेरावांनी टाचणीने तो उकरून तळहातावर घेतला.

"तुमचं काही चुकलेलं नाही," उपेंद्र म्हणाला. "हे मी केलंय. ईश्वरी, हे मी केलं. ग्रुपवर आत्ताच्या आत्ता लिहितो, गुंडेराव, मी…"

"ते मग लिहा. आधी पोरीकडं बघा."

ईश्वरी स्टुलावरून उठली होती. कालपासून धरलेला बाबाचा हात तिने सोडला, पुढे झाली आणि त्या दाण्याकडे बघत राहिली.

"एवढ्याने?" तिने विचारलं. विचारलं ते बाबाला नाही, गुंडेरावांना.