दत्तरावांच्या नावाचा रांजण

पिंगळीहून येणाऱ्या पहिल्या ऑटोत आमच्या गावात पेपर येतो. तो माझ्या लेकाच्या, परमेश्वरच्या गिरणीवर पडतो, आणि दळण घेऊन आलेल्या बायकांना मी तो वाचून दाखवते. मला अक्षर लागलं ते म्हातारपणी, नातीच्या पुस्तकावर. म्हणून असेल, छापलेलं वाचताना माझा आवाज जरा चढतोच.

या पावसाळ्यात पेपरात सारखा डेंग्यू. पाणी झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा.

"नळ येतोय दहा-बारा दिवसाला," केशरबाई म्हणाली. "भांडी कोरडी केल्यावर प्यायचं काय, पेपर?"

सगळ्या हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही. पुढची ओळ मी आमच्या समोर राहणाऱ्या कुसुमबाईकडं बघून वाचली. तिच्या अंगणातला हौद उघडा असतो, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. आणि तिची सून रेणुका दोन दिवसांपासून तापानं पडली होती.

"माझ्याकडं काय बघायलीस, धुरपतामाय?"

"मी कशाला बघू? पेपर म्हणायलाय, उघड्या पाण्यात डास होतेत."

"पेपरात माझं नाव हाय का?"

"नाव नसलं तरी हौद हाय की."

कुसुमबाई दळणाचा डबा तिथंच ठेवून उठून गेली. दुपारी तिनं हौदाचं बूच काढलं. नळ येईपर्यंत पुरलं असतं एवढं पाणी अंगणातून वाहत रस्त्यावर आलं. संध्याकाळी ती चिखलातून हापशावरून घागरी आणताना दिसली. सून पडलेली, लेक पुण्याला कामाला, घरात दुसरं माणूस नाही. मी दारात उभी राहून बघितलं आणि मला बरं वाटलं. आपण वाचलेलं कुणीतरी ऐकलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रेणुकाला परभणीच्या दवाखान्यात नेलं. पेशी लय उतरल्या होत्या. कुसुमबाई तिकडंच राहिली.

रेणुका परभणीला कापडाच्या दुकानात कामाला जाते. रोज सकाळी ऑटोची वाट बघत ती गिरणीसमोरच्या आमच्या पाणपोईपाशी बसायची. आमचे मालक दत्तराव गेल्यावर त्यांच्या नावानं ही पाणपोई मी घातली. वाळूत अर्धा पुरलेला मोठा रांजण, तोंडावर झाकण म्हणून पत्रा, पाटीवर त्यांचं नाव. अक्षयतृतीयेला रांजण भरायचा आणि पावसाळा लागला की पालथा घालायचा, अशी रीत. पण त्यांच्या नावाचा रांजण पालथा घालायला माझा हात कधी धजला नाही. नळ आला की एक घागर मी त्यात ओतायचे. कुणी पीत नव्हतं. नुसता कोरडा पडू नये म्हणून.

त्या आठवड्यात सुकेशनी आली. ती आमच्या गावची आशाताई, सिद्धार्थनगरातली. हातात पांढरी वाटी, ओगराळं आणि मोबाईलची बॅटरी. घरोघर पाणी बघत ती गिरणीपाशी पोचली, तेव्हा बायका दळणाला बसल्याच होत्या.

"कुसुमबाईचा हौद बघ आधी," मी म्हणाले.

"बघितला, आजी. कोरडा ठणठणीत हाय." ती पाणपोईकडं वळली. "ह्यात पाणी हाय का?"

"ते उन्हाळ्यातलं. प्यायचं न्हाई कुणी आता."

"डासाला कुठं प्यायचंय, आजी?"

पत्र्याचा एक कोपरा गंजून खाली गेला होता. सुकेशनीनं तिथूनच ओगराळं आत घातलं आणि वाटीत पाणी ओतलं. वाटी तिनं बायकांसमोर धरली. पाण्यात बारीक किडे वळवळत होते, एक-दोन नाही, नुसती गर्दी. केशरबाईनं पदर तोंडाला लावला. गिरणीचा पट्टा तेवढा फिरत होता.

"रेणुका इथंच बसायची ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"कोणता डास कुठला, हे कुणाला सांगता येत न्हाई," सुकेशनी म्हणाली. पोरगी भली. मला सावरायला म्हणाली. मी ते वाक्य पटकन धरलं. "तेच म्हणते मी, सांगता येत न्हाई," असं मोठ्यानं म्हणाले. हौदाच्या वेळी मला ते बरोबर सांगता आलं होतं.

सुकेशनीनं आणि परमेश्वरनं मिळून रांजण उकरून आडवा केला. पाणी रस्त्यावर गेलं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला रेणुका आठवली नाही. पाटीवरचं नाव सगळ्या बायका वाचतायत, आता घरोघर दत्तरावांचं नाव निघेल, हेच मनात आलं. त्यातल्या कितीजणींना वाचता येत नाही, हेही मी विसरले.

आठ दिवसांनी रेणुका घरी आली. वाळून काडी झाली होती. योगायोगानं त्याच सकाळी आमच्या बाजूला नळ आला, कुसुमबाईच्या बाजूचा दुसऱ्या दिवशी होता. मी हंडा भरला आणि तिच्या दारात गेले. येताना काय बोलायचं ते ठरवलं होतं. दारात उभी राहिल्यावर त्यातलं एकही वाक्य धड वाटेना.

"कुसुमबाई, माझं चुकलं."

"कशातलं? हौदातलं का रांजणातलं?"

"दोन्हीतलं."

आत बाजेवर रेणुका भिंतीकडं तोंड करून निजली होती. तिनं मान वळवून मला बघितलं आणि पुन्हा भिंतीकडं फिरली.

"पाणी आणलंय," मी म्हणाले. "आताच नळाचं. ताजं हाय."

कुसुमबाईनं हंडा माझ्या हातातून घेतला आणि उजेडाला, दारात आणला. वरची ताटली काढली. माझ्या देखत वाकून आत नीट बघितलं, हंडा हलवून परत एकदा बघितलं. मग हौदात ओतला आणि रिकामा हंडा माझ्या हातात दिला.

"अजून एक आण," ती म्हणाली. "झाकून."