सरावाची लोकर

मी लोकर बोलतेय. दुकानाच्या काचेमागे कागदी पट्टा लावून ऐटीत बसलेली नव्हे. मी सरावाची लोकर. रंग विटकरी, गुंडे आठ, आणि वय विचारू नका. जिच्यावर शिकायचं, चुकायचं, चिडायचं आणि शेवटी उसवून परत टोपलीत टाकायचं, ती मी.

तशी मी चांगल्या घरची. मेंढ्यांच्या पाठीवर वारा खात वाढले. मग मला कातरलं, धुतलं, पिंजलं, कातलं, रंगाच्या हौदात बुडवून काढलं. एवढं सगळं सोसताना मनात एकच होतं, की शेवटी कुणाच्या तरी अंगावर जायचं. थंडीत कुणीतरी मला ओढून घ्यावं, हात बाहीत घालावेत आणि ‘हुश्श’ म्हणावं. लोकरीला याहून मोठं स्वप्न नसतं.

मला विकत घेतलं ते आत्यांनी. त्या खरं तर कुणाच्याच आत्या नव्हत्या, पण सगळे त्यांना आत्याच म्हणत. तीस वर्षं कारखान्यात यंत्रावर मोजे विणून त्या निवृत्त झाल्या होत्या. यंत्राचा इतका वीट आला होता की दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी घराच्या बाहेरच्या खोलीत हाताने विणायला शिकवण्याचा वर्ग काढला. सहा खुर्च्या, एक टोपली आणि टोपलीत मी. “मळखाऊ रंग आहे, पेड जाड आहे, टाका लांबून दिसतो. शिकायला हीच बरी,” असं त्या म्हणाल्या आणि माझं नशीब ठरून गेलं.

काय काय हात बघितले मी! एक परिचारिका यायची. सुई अशी धरायची, जणू समोरच्याला टोचायचीच आहे. एक शाळेतल्या बाई होत्या. वीस टाक्यांनी त्यांनी पट्टी सुरू केली, ती वर जाता जाता त्रिकोण झाली. अकरा टाके उरले तरी बाई ठामपणे म्हणाल्या, “मी एकही टाका सोडलेला नाही.” आत्या शांतपणे म्हणाल्या, “मग टाक्यांनीच तुम्हाला सोडलं असेल.” सगळी खोली हसली. मलाही हसू आलं असतं, पण पुढच्याच क्षणी मला सरसर उसवलं.

असंच चालायचं. हात बसेपर्यंत मी. सुलट टाका माझ्यावर, उलट टाका माझ्यावर. एकदा हात बसला की मंडळी दुकानात जायची आणि नवी कोरी लोकर घेऊन यायची. निळी, गुलाबी, पिस्ता रंगाची. तिच्या टोप्या व्हायच्या, मोजे व्हायचे, बाळांची अंगडी व्हायची. ती कागदात गुंडाळली जाऊन कुणाकुणाच्या घरी जायची. मी टोपलीतून बघत राहायचे. मत्सर म्हणा हवं तर. मी नाही म्हणणार नाही.

एका दुपारी एक नवरा-बायको आले. बायको पुढे, नवरा मागे, तिच्या खांद्यावर हात ठेवून. चाळीस वर्षं त्याने घड्याळं दुरुस्त केली होती. आता त्याला समोरचं मधलं दिसेनासं झालं होतं, फक्त कडेकडेचं थोडं दिसायचं. दुकान बंद करावं लागलं होतं.

“दिवसभर टेबलावर बोटं वाजवत बसतात हो,” बायको आत्यांना म्हणाली. “त्यांचे डोळे गेले, आता माझे कान जायची वेळ आलीय.”

“हे बायकांचं काम आहे,” घड्याळजी दारातूनच म्हणाला.

“हो ना,” आत्या म्हणाल्या. “आणि अवघडही आहे. तुम्हाला जमेलसं वाटत नाही, दादा.”

तो खुर्चीत बसला आणि त्याने हात पुढे केला.

त्या हातासारखा हात मला पुन्हा भेटला नाही. त्याने आधी मला विणलंच नाही; पाच मिनिटं नुसतं बोटांत फिरवून बघितलं. कुठे पेड सैल आहे, कुठे जुनी गाठ आहे, सगळं त्याला कळलं. पहिल्या दिवशी त्याचे टाके इतके आवळलेले होते की सुई आत जाईना. आत्या म्हणाल्या, “दादा, हे घड्याळाचं झाकण नाही. श्वास घ्यायला जागा ठेवा तिला.” महिन्याभरात मात्र तो न चाचपडता विणू लागला. एखादा टाका गळला की आमच्या बाकीच्या मंडळींना तो चार ओळींनंतर दिसायचा. याला सुईच्या वजनावरूनच कळायचा.

हात चालू लागले की जिभाही चालतात. बायको सोबत बसायची आणि बोलायची, तो गप्प. तिच्या बोलण्यातून मला त्यांच्या मुलीची गोष्ट कळली. लहानपणापासून ती बापाच्या टेबलाशी उभी असायची. हात अगदी त्याचेच. तेवीस वर्षांची झाल्यावर तिने विचारलं, “बाबा, दुकान मी चालवू?” तो म्हणाला, “लोक आपलं घड्याळ मुलीच्या हातात देत नाहीत.” एवढं एकच वाक्य. पुढच्या आठवड्यात ती दूरच्या शहरात गेली आणि तिथल्या एका उपकरणांच्या कारखान्यात लागली. दर रविवारी आईला फोन करायची. बाप शेजारी बसून असायचा, पण ना तिने कधी “बाबांना दे” म्हटलं, ना त्याने कधी हात पुढे केला. पाच वर्षं झाली होती. नाक दोघांचंही सारखंच वर.

एक दिवस घड्याळजी आत्यांना म्हणाला, “मला स्वेटर विणायचाय. मुलीसाठी.”

“मग छानशी नवी लोकर घ्या.”

“नको. नव्या लोकरीला हात बुजतो. हीच द्या.”

ते ऐकून मला काय वाटलं, ते कसं सांगू? आत्यांनी माझ्या लडी केल्या, कोमट पाण्यात धुतल्या, जुन्या सुरकुत्या जाव्यात म्हणून खाली वजन बांधून वाळत टाकल्या. मी सरळ झाले, मऊ झाले. पहिल्यांदाच मला कुणासाठी तरी तयार करत होते.

“अहो, मी फोनवर माप विचारते तिला,” बायको म्हणाली.

“काही गरज नाही. माझी मुलगी आहे, मला माप माहीत आहे.”

आणि त्याने माप घेतलं ते कसं? बंद दुकानात जाऊन. ती टेबलाशी उभी राहिली की तिचा खांदा कपाटाच्या कुठल्या खणापर्यंत यायचा, हे त्याच्या लक्षात होतं. खुर्चीत पाठमोरी बसली की खुर्चीची पाठ नेमकी झाकायची. त्याने टेपने खण मोजला, खुर्ची मोजली. आकडे बायकोने कागदावर लिहिले. लिहिताना तिने एकदा त्याच्याकडे बघितलं.

पाच महिने लागले. पाठ झाली, पुढचे भाग झाले, बाह्या झाल्या. गळ्यापाशी टाके कमी करताना तो दोनदा चुकला, दोनदा त्याने मला उसवलं. पण ते उसवणं वेगळं होतं. मी पूर्ण झाले तेव्हा त्याने मला टेबलावर पसरून वरून हात फिरवला आणि म्हणाला, “आली की घालू देत.”

“पाठवून देऊ या ना,” बायको म्हणाली.

“आली की.”

मी कपाटात पडून राहिले. घडी घातलेली, पूर्ण झालेली आणि कुणीही न घातलेली. दर आठवड्याला तो कपाट उघडायचा, माझी बाही चिमटीत धरायचा आणि परत दार लावायचा. मला वाटायचं, टोपली बरी होती. तिथे निदान आशा तरी नव्हती. पुढे त्याला कडेचंही दिसेनासं झालं. मुलीला कळवायचं नाही, अशी त्याने बायकोला तंबी दिली होती. तिने ती वर्षभर पाळली. मग एका रविवारी फोनवर ती म्हणाली, “अगं, बाबांना आता काहीच दिसत नाही,” आणि रडू लागली.

चौथ्या दिवशी सकाळी मुलगी दारात उभी होती.

घड्याळजी खुर्चीतून उठला. “पाऊल जड झालंय तुझं,” तो म्हणाला.

“वजन वाढलंय, बाबा. सात वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.”

त्याने स्वतः कपाटापर्यंत जाऊन मला काढलं. “घे. घालून बघ.”

तिने हात वर केले. मी तिच्या मनगटांवरून, कोपरांवरून वर सरकले. काय ऊब होती ती! मेंढीच्या पाठीवरून उतरल्यापासून पहिल्यांदाच मला जिवंत अंग लागलं होतं. आणि मग मी दंडांपाशी अडकले. तिने ओढलं, आईने ओढलं, माझे टाके ताणले गेले, पण मी खांद्यावर बसेना. मी तेवीस वर्षांच्या पोरीच्या मापाची होते. समोर तिशीची बाई होती.

“बसतोय, बाबा,” ती म्हणाली. “जरासा घट्ट आहे, इतकंच.”

त्याने हात पुढे करून माझी बाजूची शिवण चाचपली. “बोटांशी खोटं बोलू नकोस. काढ तो. उसवू.”

“एवढ्या महिन्यांचं काम?”

“माप चुकलं की काम चुकलं.” त्याने शिवण पुन्हा चाचपली. “तुला विचारायला हवं होतं मी. तुला काय हवंय ते... विचारायला हवं होतं.”

तिने नाक पुसलं. मग तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या टेबलाशी बसली. “कुठून उसवायचं असतं, सांगा.”

त्या दुपारी ती ओढत राहिली आणि तो गुंडाळत राहिला. शिवण कशी सोडायची, शेवटचा टाका कसा शोधायचा, धागा न तुटू देता कसा ओढायचा, हे सगळं तो सांगत होता आणि ती ऐकत होती. आई चहा घेऊन आली, दारातच थबकली आणि पाऊल न वाजवता परत गेली.

ती चार दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी सुलट टाका शिकली, चौथ्या दिवशी उलट. निघायच्या आधी तिने टेप घेतली आणि म्हणाली, “हात वर करा, बाबा. आता तुमचं माप.” चोराची झडती घ्यावी तसा तो हात वर करून उभा राहिला आणि पोटभर हसला.

आता मी तिच्या घरी आहे, दूरच्या शहरात, बाबांच्या मापाने सुईवर चढलेली. रविवारी ती फोन करते आणि पहिलं वाक्य असतं, “बाबांना दे.”

“बाबा, टाका गळला.”

“किती ओळी खाली?”

“चार.”

“घाबरू नकोस. शिडीसारखे आडवे धागे लागतायत ना बोटाला? आकडी घे आणि खालून एकेक पायरी चढव.”

“आज तरी माझ्याशी कुणी बोलणार आहे का?” मागून आईचा आवाज येतो.

सगळं छान आहे. फक्त एक गोष्ट मला खाते. तीन वेळा ती खांद्यापर्यंत पोचली आणि तिन्ही वेळा तिने मला उसवलं. एकदा गळा वाकडा वाटला, एकदा किनार सैल, एकदा कारण मलाही कळलं नाही. बापाचीच लेक, एका केसाचा फरक चालत नाही. शिवाय मला वाटतं, विणणं संपलं तर मग काय विचारायला फोन करायचा, असंही तिच्या मनात असेल. “पुढच्या थंडीपर्यंत नीट होईल,” ती म्हणते. पण फोनमध्ये त्याचा खोकला मला ऐकू येतो. दर खेपेला तो जरा खोलवरून येतो. आणि माझाही पेड विरत चाललाय. प्रत्येक उसवण्यात माझं थोडं अंग झडून तिच्या मांडीवर पडतं. अजून एकदा, फार तर दोनदा.

मला तिच्याशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्याही घरात कुणासाठी तरी घेतलेलं काही सुईवर अर्धवट असेल, तर त्यालाही हे लागू आहे. पोरी, गळा वाकडा असू दे. किनार सैल असू दे. त्याला दिसत नाही, आणि बोटांना जे कळेल ते तो कुणाला सांगणार नाही. एक बाही लांब झाली तर तो दुमडून घेईल. पण घालू दे त्याला.