बारा प्रश्न आणि कमलबाईंचे एकेचाळीस

मी बारा प्रश्नांची प्रश्नावली बोलतेय. एका पानावर मावते, चार-पाच मिनिटांत भरून होते. मानसशास्त्राचा अभ्यास करणारी माणसं माझ्याकडून एक अवघड काम करून घेतात. माणसाच्या स्वभावातली काळी बाजू मोजायचं. काळी म्हणजे तीन गोष्टी: स्वतःवरच भाळलेलं असणं, डावपेच करून दुसऱ्याला वापरून घेणं, आणि दुसऱ्याच्या दुःखानं जरासुद्धा न हलणं. प्रत्येकीचे चार प्रश्न, प्रत्येक प्रश्नापुढं एक ते पाच आकडे. वाक्य अजिबात पटत नसेल तर एकावर गोल करायचा, पुरतं पटत असेल तर पाचावर. कमीत कमी बेरीज बारा, जास्तीत जास्त साठ.

माझ्या शंभर प्रती निघाल्या तरी प्रश्न तेच, म्हणून त्या सगळ्या मीच.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा विद्यापीठात झाला, इंग्रजीत. मराठीत मला आणलं साक्षीनं. ती परभणीला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि वसतिगृहांत काम करणाऱ्या माणसांच्या स्वभावावर प्रबंध लिहीत होती. दिवाळीच्या सुट्टीत ती मला येलदरीला आपल्या घरी घेऊन गेली आणि शब्दकोश उघडून दारात बसली. शेजारी तिची आई सुलाबाई तुरीची डाळ निवडत होती.

साक्षीनं एक वाक्य मोठ्यानं वाचलं, “गैरवर्तनानंतर मला पश्चात्तापाची जाणीव होत नाही.”

“हे कोन बोलायलंय? कलेक्टर का?” सुलाबाईंनी डाळीतून मान वर न काढता विचारलं.

“मग तू कसं म्हनशील?”

“चुकीचं वागलं तरी माजं मन मला खात न्हाई. असं म्हन की सरळ.”

साक्षीनं आपलं वाक्य खोडलं आणि आईचं लिहिलं. अशी माझी निम्मी वाक्यं त्या सुपापाशी तयार झाली. एका वाक्यावर मात्र सुलाबाई अडल्या. ‘लोकांनी मला मान द्यावा असं मला वाटतं,’ हे ते वाक्य.

“हे वाईट हाय का गं? तुज्या आज्याला गावातून चप्पल हातात घिऊन जावं लागायचं. त्याला वाटत नसंल का, मान मिळावा म्हनून?”

“एकटा प्रश्न न्हाई बघत आई. बारा मिळून बघत्यात.”

“बघनारा कोन हाय, त्याच्यावर हाय ते,” सुलाबाई म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या. साक्षीनं त्या वाक्यापुढं पेन्सिलीनं एक खूण केली. पण वाक्य तसंच ठेवलं.

जानेवारीत ती मला घेऊन देवगाव फाट्याला एसटीतून उतरली. तिथून जवळच एका खाजगी संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. संस्थेचे सचिव बन्सीधरराव यांनी परवानगी दिली होती. ह्या वसतिगृहाची आणि संस्थेच्या आणखी दोन वसतिगृहांचीही. इथले नऊ कर्मचारी जेवणाच्या खोलीत बसले. साक्षीनं प्रत्येकाच्या हातात मी दिली, सोबत आपला फोन नंबर असलेली चिठ्ठी.

“नाव लिहायचं नाही. कुणी काय लिहिलं ते मलासुद्धा कळणार नाही,” ती म्हणाली.

माणसं मला कशी भरतात, हे बघण्यासारखं असतं. कुणी तळहातानं झाकून भरतो, जसा दहावीचा पेपर आहे. कुणी सगळीकडं तीनावर गोल करतो, म्हणजे ह्या बाजूनंही भांडण नको आणि त्या बाजूनंही. कुणी शेजारच्याला विचारतो, “ह्यात चांगलं उत्तर कोनतं?” चौकीदार महारुद्र एकेक प्रश्न वाचून हसत होता. गृहपाल वैष्णवी मॅडम खोडरबर वापरत होत्या.

सगळ्यात जास्त वेळ कमलबाईंनी लावला. त्या तिथं चौदा वर्षं स्वयंपाक करत होत्या. चौथी शिकलेल्या. एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचायच्या, जरा थांबायच्या, मग गोल करायच्या. त्यांचा गोल ठळक होता, भाकरीसारखा. ‘माझं काम साधायला मी गोड बोलून दुसऱ्याला वळवते,’ ह्यावर त्यांनी पाच केले. ‘गरज पडली तर मी खोटं बोलते,’ पुन्हा पाच. नऊ पानं गोळा झाली, एकावर एक बसली, आणि मलाच सांगता येईना कुठलं कुणाचं.

तिथंवर सगळं नीट झालं. पण साक्षीला दुपारची गाडी गाठायची होती. घाईत तिच्या फायलीतून दोन कागद टेबलावरच राहिले. एक म्हणजे कोरी मी, आणि दुसरा बेरीज कशी करायची आणि कुठला प्रश्न काय मोजतो हे सांगणारा. त्या दुसऱ्या कागदाशिवाय मी नुसती बारा वाक्यं असते. तो हातात आला की कुणालाही वाटतं, आपल्याला माणूस वाचता येतो.

आठवड्यानं बन्सीधररावांनी माझ्या नऊ झेरॉक्स काढल्या आणि वर हातानं एक ओळ वाढवली: नाव.

“त्या मॅडमचंच काम हाय. परत भरायचं,” त्यांनी सांगितलं आणि स्वतः समोर खुर्ची टाकून बसले.

ह्या वेळी कुणी हसलं नाही. वैष्णवी मॅडमनी खोडरबर काढलंच नाही, बारा एक करून मोकळ्या झाल्या. महारुद्रनं त्यांच्या पानाकडं बघून घेतलं. कमलबाईंनी मात्र परत बोट ठेवून वाचलं आणि आठवड्यापूर्वी लिहिलं होतं तेच लिहिलं. प्रश्न तेच, त्यासुद्धा त्याच, मग उत्तर कसं बदलणार?

बाकीच्यांची बेरीज बारा ते एकोणीसमध्ये आली. कमलबाईंचे एकेचाळीस झाले. बन्सीधररावांनी लाल पेनानं त्याभोवती गोल ओढला.

“शास्त्रीय चाचणी हाय ही,” ते म्हणाले. “शंभर पोरी जेवतेत हितं. असल्या स्वभावाची बाई चुलीपाशी नको. एक तारखेपासून येऊ नका.”

मी हातात असून काही बोलू शकले नाही. माझ्यात बारा वाक्यं आहेत. त्यांत ‘थांबा’ असं एकही नाही.

कमलबाईंनी साक्षीची चिठ्ठी डब्यात जपून ठेवली होती. त्यांनी फोन लावला. “मॅडम, तुमी तर म्हनलं व्हतं नाव लागत न्हाई. खरं लिवा म्हनलात, मी खरं लिवलं. आता खरं लिवल्याचं असं व्हतंय व्हय?”

साक्षीला आधी काही उलगडेना. फाईल उघडून बघितली तेव्हा उलगडलं. ती तशीच तिच्या मार्गदर्शक सविता मॅडमकडं गेली. सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, “गुणांचा कागद तू विसरलीस?”

“हो.”

“मग जायला तुलाच पाहिजे. पत्र मी देते.”

“मॅडम, ते परवानगी काढून घेतील. राहिलेली दोन वसतिगृहं त्यांचीच आहेत. महिन्यानं प्रबंध द्यायचाय.”

“प्रबंध उशिरा झाला तर चालतो, साक्षी. त्या बाईंची एक तारीख उशिरा येणार नाही.”

साक्षी मॅडमचं पत्र घेऊन वसतिगृहावर पोचली तेव्हा कार्यालयात बन्सीधरराव, वैष्णवी मॅडम आणि कमलबाई तिघंही होते. टेबलावर नऊ प्रतींच्या रूपानं मी पडले होते, सगळ्यात वर तो लाल गोल.

“सर, चूक माझी आहे. तो कागद मी इथं विसरायला नको होता. पण ही प्रश्नावली शेकडो माणसांचा अंदाज घ्यायला केलीय. एकाला ठेवायचं की काढायचं, हे ठरवायला नाही. आणि नोकरी जायची भीती असली की त्यावर कुणी खरं लिहीत नाही.”

“म्हंजे? ज्यांना कमी गुण पडले ते सगळे खोटे हायेत का?” बन्सीधररावांनी विचारलं.

मग वैष्णवी मॅडम उठून उभ्या राहिल्या. हातातला रुमाल त्यांनी पिळून पिळून दोरी केला होता.

“सर, माझे बारा खोटे आहेत.”

“काय?”

“पहिल्यांदा नाव नव्हतं तेव्हा मी असं लिहिलं नव्हतं. माझं कौतुक व्हावं असं मला वाटत नाही, असं लिहिलंय ह्याच्यात. स्नेहसंमेलनात तुम्ही माझं नाव घ्यायचं विसरलात, तर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. कमलबाईंना काढणार असाल तर माझाही विचार करा.”

त्या खाली बसल्या. नोकरीवर येऊन त्यांना दीडच वर्ष झालं होतं.

साक्षी कमलबाईंकडं वळली. “मावशी, तुम्ही खोटं बोलण्यावर पाच केलेत. कुणाशी बोलता खोटं?”

“सांगू का?” कमलबाईंनी पदर सारखा केला. “ह्या सायबांशीच बोलते.”

बन्सीधरराव पुढं सरकले.

“गेल्या साली गरम पान्याचं मशीन बंद पडलं व्हतं. थंडीच्या दिसात दोन महिनं पोरी गार पान्यानं न्हायल्या. मॅडमनी चार अर्ज दिले. मग मी तुमाला सांगितलं, तपासनीचे सायब येनार हायेत, जिंतूरला आमच्या जावयानं ऐकलंय म्हनून. तिसऱ्या दिशी मानूस येऊन पानी गरम झालं. मला जावईच न्हाई, सायब. मला मुलगीच न्हाई. ताप आलेल्या पोरीला गोळी घ्याया लावायची तर गोड बोलावंच लागतं. आता ह्याच्यात इचारलंय, गोड बोलून वळवता का. वळवते की! रोज वळवते.”

वैष्णवी मॅडमना हसू आलं, त्यांनी ते रुमालात दाबलं. बन्सीधरराव हसले नाहीत. त्यांनी मला उचललं आणि पहिल्यांदाच, बेरीज सोडून, वाक्यं वाचली. एकेक, सावकाश.

“तुमी भरलाव का सायब हा कागद?” कमलबाईंनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता. सगळ्यांनी भरला, म्हणून विचारलं.

त्यांनी खणातून कोरी मी बाहेर काढली आणि पेनही काढलं. पहिला प्रश्न होता, लोकांनी माझं कौतुक करावं असं मला वाटतं. त्यांच्या मागच्या भिंतीवर शाल-नारळाचे अकरा फोटो होते. पेन माझ्यावर आलं, एकापासून पाचापर्यंत हवेतूनच फिरलं आणि परत टोपणात गेलं.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. मला त्यांनी बाकीच्या प्रतींवर ठेवलं. मग म्हणाले, “कमलबाई, पोरींच्या जेवनाची वेळ झाली. जावा तुमी.”

माफी त्यांनी मागितली नाही. उलट साक्षीला सांगितलं, “बाकीच्या दोन ठिकानी आता येऊ नका.” पण कोरी प्रत, गुणांचा कागद आणि भरलेले नऊही कागद त्यांनी तिच्या हातात दिले. तिनं ते नऊ कागद स्वयंपाकघरात नेले आणि कमलबाईंसमोर उभे-आडवे फाडले. फाटताना मला दुखलं नाही. कुणाच्या तरी गळ्यात बांधलेली दोरी सुटावी, तसं वाटलं. कमलबाईंनी तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

साक्षीचा प्रबंध सहा महिने लांबला. येलदरीला वडील विचारत राहिले, मैत्रिणी पुढं गेल्या. ती जिंतूरला, परभणीला नव्यानं परवानग्या मागत फिरली आणि एकशे बारा माणसं जमवली. मला तिनं पुन्हा बसून नीट केलं. मानाबद्दलचं ते वाक्य काढलं आणि दुसरं घातलं: ‘दुसऱ्याला खाली दाखवल्याशिवाय मला मोठं झाल्यासारखं वाटत नाही.’ प्रत्येक प्रश्नाखाली एक रिकामी ओळ ठेवली, ‘कधी? कुणासाठी?’ आणि गुण द्यायचा कागद तिनं परत कधी प्रश्नांच्या फायलीत ठेवला नाही.

प्रबंधात तिनं आपली चूक पानभर लिहिली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक त्याच पानावर थांबले. “हे लिहायची गरज होती का?” त्यांनी विचारलं.

“सर, पुढं जे कोणी हिला हातात घेतील त्यांना माहीत असावं,” साक्षी म्हणाली. तिला ‘अ’ श्रेणी मिळाली. हल्ली ती जिंतूरच्या एका कॉलेजात मुलामुलींची समुपदेशक आहे.

माझं सध्या बरं चाललंय. ग्रंथालयातल्या प्रबंधाच्या शेवटच्या पानांत मी आहे, आणि अर्पिता नावाच्या नव्या विद्यार्थिनीच्या पिशवीतही आहे. ती मला एसटीच्या वाहकांकडं घेऊन चाललीय. दिवसभर उभं राहून शेकडो अनोळखी माणसांशी बोलणाऱ्यांचा स्वभाव कसा होत जातो, हे तिला बघायचंय. मलाही उत्सुकता आहे. मी मोजते ते खोटं नाही. दुसऱ्याला पायपुसणं करणारी माणसं जगात आहेत, आणि ती ओळखता आली तर बरंच वाचेल. फक्त मी एकटीनं ते ओळखत नाही.

कधी तुमच्या हातात आले, तर घाबरू नका, असेल तसं लिहा. आणि कुणाची बेरीज तुमच्या हातात पडली, तर आकडा वाचून झाल्यावर त्या माणसाला समोर बसवा, चहा सांगा आणि विचारा, असं का लिहिलंत? उत्तर ऐकेपर्यंत पेन टोपणातच असू द्या.

अर्पितानं पिशवी उचलली. गाडी फलाटाला लागलीय. येते मी.